सासऱ्यांच्या बादल्या आणि उतरलेले आंबे

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर एकाच विषयावरची चार पत्रं निघाली, जणू ठरवून लिहिल्यासारखी. चारही घरं खाऊनपिऊन सुखी, डोक्यावर कर्ज नाही, पगार किंवा पेन्शन चांगली, आणि तरी घरात खर्चावरनं धुसफूस चाललेली. मी बत्तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसले, लोकांची पासबुकं पण बघितली आणि पासबुक घेऊन येणारी माणसं पण, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तर या वेळचं सदर सगळं यावरच. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

पत्र पहिलं, पुण्याहून

ताई नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, मिस्टर, नववीतली मुलगी आणि सासरे. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. सासरे ७८ वर्षांचे आहेत, सरकारी खात्यातनं इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, पेन्शन भरपूर, फ्लॅट त्यांच्याच नावावर, एफड्या आहेत त्या वेगळ्याच. पण राहणं बघाल तर विश्वास बसणार नाही. बाथरूममधे तीन बादल्या. एक अंघोळीची, एक कपड्यांचं शेवटचं पाणी धरून ठेवायची (वॉशिंग मशीनचा पाइपसुद्धा तिच्यातच सोडलेला), आणि तिसरी कायम भरून, ताटलीने झाकलेली, जिला कुणी हात लावायचा नाही. दुधाच्या पिशव्या धुवून किचनच्या खिडकीत चिमटे लावून वाळत. वाण्याकडच्या पुड्यांचा दोरा गुंडाळून गुंडाळून मोसंब्याएवढा गोळा झालाय. लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू म्हणजे यांची वही. रिक्षा म्हणजे चैन, डेक्कनला जायचं तर बसनेच.

हे सगळं मी चालवून घेते हो. पण दोन गोष्टींनी डोकं फिरतं. एक म्हणजे त्यांना आता खूप कमी ऐकू येतं, डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलंय, पन्नास हजाराच्या आसपास जाईल म्हणाले, तर हे म्हणतात मला या वयात कुणाची भाषणं ऐकायचीत. टीव्ही इतका मोठा की खालच्या मजल्यावरचे येऊन सांगून गेले. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात मुलीच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यातल्या एकीने ती झाकलेली बादली वापरली तर सगळ्यांसमोर तिला ओरडले. मुलगी रात्रभर रडत होती. मिस्टर म्हणतात बाबा असेच आहेत, पानशेतच्या पुरात त्यांचं घर गेलं होतं वगैरे, पण त्याला आता साठाच्या वर वर्षं झाली ना? आणि हेच सासरे आमच्या वॉचमनच्या मुलाची फी दर जूनमधे भरतात, हे आम्हाला वॉचमनकडनंच कळलं. मग घरातच असं का?

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मिस्टरांच्या तोंडी घालून पुढे "वगैरे" लावून सोडून दिलीत. मी तिथेच थांबले आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

हिशोब करा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा सासरे तेरा-चौदा वर्षांचे असणार, म्हणजे तुमच्या मुलीएवढेच. सकाळी पानशेत गेलं, मग खालचं खडकवासला, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांमधनं वाड्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढलं. मातीच्या भिंतींचे वाडे, दोन दिवसांत नुसते चिखलाचे ढीग राहिले. त्यातली कितीतरी कुटुंबं पुढे गोखलेनगर, सहकारनगरकडच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली आणि चार भांड्यांवर संसार परत मांडला. आणि पुराच्या बोलण्यात हमखास राहून जाते ती गोष्ट म्हणजे दोन्ही धरणं गेल्यावर पुण्याचे नळच कोरडे पडले. रस्त्यात पाणीच पाणी होऊन गेलेलं आणि प्यायला घोट नाही, वाड्यांमधल्या बुजत आलेल्या जुन्या विहिरी साफ करून लोकांनी पाणी भरलं. तेरा वर्षांचा मुलगा घरात असला की पाणी आणायचं काम कुणाकडे जातं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता ती ताटली झाकलेली बादली परत डोळ्यासमोर आणा. ती तजवीज आहे. पाणी वाचवायला ती ठेवलेलीच नाही, उलट त्यांच्या दृष्टीने ती वापरायची वेळ येऊ नये म्हणून ती भरलेली असते. त्यात कुणी तांब्या बुडवला की त्यांच्या पोटात काय होत असेल ते त्यांनाही शब्दात सांगता येणार नाही.

याचा अर्थ पाहुण्या मुलीला ओरडले ते बरोबर असं मी मुळीच म्हणत नाही. मुलीच्या मैत्रिणीला काय माहीत पानशेत. तुमच्या लेकीचा अपमान झालाय आणि आजोबांनी तिच्याशी दोन शब्द बोलायलाच पाहिजेत, पण हे त्यांना सांगायचं काम तुमचं नाही, मिस्टरांचं आहे. "बाबा असेच आहेत" म्हणून तो माणूस मोकळा झाला आणि भांडण सून आणि सासऱ्यांच्या गळ्यात पडलं, हे मला घरोघरी दिसतं आणि फार राग येतो. मिस्टरांनी बाबांना संध्याकाळी फिरायला न्यावं आणि चालता चालता सांगावं. बादली मागच्या बाल्कनीत हलवा, चांगलं झाकण आणा, ती भरलेलीच राहू दे. आणि लेकीला एकदा आजोबांपुढे वही घेऊन बसवा, तुमचा वाडा कुठे होता, पाणी कुठपर्यंत आलं, काय वाचलं, काय वाहून गेलं, सगळं विचारू दे. ते आधी नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारलं की बोलतील.

दुधाच्या पिशव्यांचं म्हणाल तर त्या वाळू द्या. स्वच्छ वाळलेल्या पिशव्यांना रद्दीवाला चांगला भाव देतो आणि त्या पुढे वितळवून वापरल्या जातात, कचऱ्यात कुजक्या भाजीबरोबर गेल्या की संपलं. २०१८ ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट होती ती त्या जाड असाव्यात आणि परत घेतल्या जाव्यात या अटीवर. परत घ्यायचं काम दुकानात फारसं कुठे दिसत नाही, तुमचे सासरे खिडकीत चिमटे लावून ते करतायत. दोऱ्याचा गोळा, पाठकोरे कागद, बस, यातलं काहीही तुमचं नुकसान करत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस बसने डेक्कनला जातो म्हणजे पाय शाबूत आहेत, यात समाधान माना.

कानाच्या मशीनबाबत मात्र मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे आणि इथे अजिबात नमतं घेऊ नका. पिशव्या धुतात ते स्वतःच्या कष्टाने धुतात. मशीन नाही घेतलं त्याचा भार मात्र खालच्या मजल्यावर, तुमच्या घशावर, आणि सगळ्यात जास्त नातीवर पडतो, कारण प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागलं की पोरं बोलायचीच बंद होतात. मग ते एकटे पडतात आणि घरातल्यांना वाटतं बाबा चिडके झाले. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ञगटाने २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपण ज्यावर काहीतरी करू शकतो अशा १२ गोष्टी दिल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे. हे त्यांना सांगा. इंजिनिअर माणूस आहे, "बाबा आमच्यासाठी घ्या ना" याने हलणार नाही, पण ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीचा, आलेख समोर ठेवला की कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबल कमी हे स्वतः बघेल. आलेखावर भांडता येत नाही. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, याच कामासाठीची, तिथे तपासणी करून घ्या, विकणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की अशा लोकांना पटतं. घेण्याआधी काही दिवस घरी वापरून बघायला मिळेल का हेही विचारा, मिळतं बऱ्याच ठिकाणी.

आणि उशीर करू नका. माझ्या वडिलांनी पण सहा वर्षं टाळलं होतं. शेवटी आईने जेवायचं बंद करीन म्हटल्यावर घेतलं. मशीन लावून आले त्या दिवशी आई आमटीला फोडणी देत होती, बाबा किचनच्या दारात येऊन उभे राहिले, मोहरी तडतडली तसे एकदम लहान पोरासारखे हसले, म्हणाले हा आवाज गेलाच होता की गं. पुढे दोनच वर्षं मिळाली त्यांना. सहा वर्षांची मोहरी वाया गेली म्हणून मी अजून हळहळते.

तुम्ही विचारलंत वॉचमनच्या मुलाची फी भरतात आणि घरात असं का. कारण फी त्यांच्या लेखी गरज आहे आणि मशीन चैन. ज्याला गरज म्हणतात त्याला त्यांचा हात कधी आखडत नाही हे तुमच्याच पत्रात आहे. मशीन त्या रकान्यात कसं जाईल तेवढं बघा, पैसे ते स्वतः काढून देतील.

पत्र दुसरं, डोंबिवलीहून

ताई, मी ६१ वर्षांची आहे, पालिकेच्या शाळेतनं शिक्षिका म्हणून रिटायर झाले. मिस्टरांनाही पेन्शन आहे. मुलगा कॅनडात, पैसे पाठवू का म्हणून दर महिन्याला विचारतो, आम्हाला गरजच नाही. माझा प्रश्न दुसऱ्या कुणाबद्दल नाही, माझ्याबद्दलच आहे. मला स्वतःवर खर्च करता येत नाही. मी लालबागला चाळीत वाढले, वडील गिरणीत होते, संप झाला तेव्हा मी एफवायला होते. आई खानावळीच्या पोळ्या लाटायची, मी पहाटे उठून गोळे करून द्यायचे आणि मग कॉलेजला. आज दुकानात आठशेची चप्पल हातात घेते आणि परत ठेवते, मग दीडशेची घेते आणि पाय दुखतात. गेल्या मे महिन्यात हापूसची पेटी आणली. रोज बघायचं, जो उतरायला लागलाय तो आधी काढायचा, नाहीतर वाया जाईल. पेटी संपल्यावर मिस्टर म्हणाले, तू यंदा एकतरी चांगला आंबा खाल्लास का? मी आठवून बघितलं. नव्हता खाल्ला. हे वाचायला क्षुल्लक वाटेल पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पैसे म्हणाल तर बावीस लाख एका पतसंस्थेत आहेत, बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून. मला काही आजार आहे का?

उत्तर

आजारबिजार काही नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि आंब्यापाशी तिन्ही वेळा थांबले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. कुणी गावाला गेलं, कुणी परत मिळेल त्या पगारावर कामाला लागलं, कितीतरी गिरण्या परत धड चालल्याच नाहीत. म्हणजे अमुक तारखेला संपलं, आता सगळं पहिल्यासारखं, असं म्हणायची सोयच नव्हती. तुमच्या घरातही कुणी कधी म्हटलं नसणार की बाई, आता वाईट दिवस गेले, आता हात मोकळा सोडा. तुम्हाला नोकरी लागली, लग्न झालं, सहावा वेतन आयोग आला, सातवा आला, पण ते वाक्य राहूनच गेलं. आज मी म्हणते. गेले ते दिवस. तुमच्या आईने पोळ्या लाटल्या त्या तुम्ही दीडशेची चप्पल घालून पाय दुखवून घ्यावेत म्हणून नाही लाटल्या.

आणि त्या पोळ्यांबद्दल पण एक सांगते, मी बँकेत लागले तेव्हा आमच्या जुन्या साहेबांकडनं ऐकलेलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात गळ्यापर्यंत बुडलेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांचे गट करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नाही, एकमेकींचा शब्द एवढंच, आणि बायकांनी ते फेडलं. अशा घरातली मुलगी तुम्ही. तुम्हाला पैशाची किंमत कळते ती माझ्यासारख्या बत्तीस वर्षं नोटा मोजलेल्या बाईपेक्षा जास्त कळते. म्हणूनच पुढचं जरा कडक बोलते, रागावू नका.

बावीस लाख एका पतसंस्थेत? ताई, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला, त्याआधी १९९३ पासून १ लाखच होता. सहकारी बँकांनाही तो आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेल, संचालक ओळखीचे असतील, असू देत. माझ्या काउंटरवर अशी माणसं येऊन बसलेली मी बघितलीत ज्यांची संस्था गेल्या आठवड्यापर्यंत उत्तमच चाललेली होती, ती काही बोलायची नाहीत, नुसती पावती उलगडायची आणि परत घडी घालायची. बावीस लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला बावीस हजार. त्या बावीस हजारांसाठी तुम्ही पोळ्यांच्या गोळ्यांपासूनची सगळी कमाई टांगून ठेवलीत. तुमच्यासारखी बाई आठशेच्या चपलेला घाबरते आणि याला घाबरत नाही, हे बदलायला हवं.

जसजशा ठेवींच्या मुदती संपतील तसतसे पैसे हलवा. मुदतीआधी मोडायचं तर व्याज किती कापतात ते आधी विचारा. पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम आहे, साठ पूर्ण झालेत म्हणजे तुम्हाला चालते, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज २०२३ च्या एप्रिलमधे ८.२ टक्के झालं, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होतं. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही उघडाल त्या दिवशीचा दर तुमच्या पाच वर्षांसाठी कायम. मागे सरकार उभं आहे. बहुतेक तुमचा एक टक्का पण फारसा जाणार नाही.

मग त्या व्याजातनं महिना तीन हजार वेगळ्या खात्यात टाका. मिस्टरांच्या नाही, तुमच्या एकटीच्या. त्या खात्याचा नियम एकच, महिनाअखेर त्यात शिल्लक राहता कामा नये. भाची-पुतण्यांना द्यायचे नाहीत, देवळात नाही, मुलगा आला की त्याच्यासाठी काही आणायचं नाही. पहिल्या महिन्यात जमणार नाही. दुसऱ्या महिन्यात चप्पल घ्या, आणि दुकानात जाताना मिस्टरांना बरोबर न्या, किंमत त्यांनी बघायची, तुम्ही फक्त चालून बघायचं, टाच टेकते का, बोटं दबतात का, बास.

आंब्याचं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला पेटी आणाल ना, तर पेटी उघडून पेंढा बाजूला केला की मिस्टरांनी वास घेऊन घेऊन सगळ्यात चांगला आंबा निवडायचा आणि तो त्याच दिवशी तुम्ही खायचा. चिरून वाटून नाही, अख्खा, चोखून, कोय हातात धरून. उतरलेल्यांचा आमरस करा, मुरंबा करा, ते काही वाया जात नाहीत. मला जूनमधे पत्र पाठवून कळवा, मी वाट बघीन.

पत्र तिसरं, हिंजवडीहून

काकू, मी ३१ वर्षांचा आहे, आयटीत आहे, हातात महिना दोन लाखांच्या पुढे येतात. मी २०१४ ची सेकंडहँड वॅगन आर चालवतो, ऑफिसला डबा नेतो, फोन चार वर्षं जुना. ग्रुपमधे मला चिंगूस म्हणतात. मी त्यांना सांगतो अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेट बघा. प्रत्येक ट्रिपचा, प्रत्येक चहाचा हिशोब मी ॲपमधे टाकतो, वीस रुपये असले तरी, कारण हिशोब म्हणजे हिशोब. आता लग्नाचं बघतायत, एका मुलीशी छान जुळलंय पण तिच्या काकांनी गाडी बघून नाक मुरडलं. गाडी बदलू का?

उत्तर

गाडी बदलू नकोस रे. दहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साधारण १६,०९० रुपये बसतो, सात वर्षांत भरतोस साडेतेरा लाख, म्हणजे साडेतीन लाख नुसतं व्याज, आणि तोपर्यंत गाडीची किंमत निम्म्याच्याही खाली. मुलीच्या काकांचं नाक सरळ करायला ही किंमत फार झाली. डबा, जुना फोन, सगळं उत्तम, मला तुझं कौतुक वाटतं आणि तुझ्या वयाच्या पोरांनी हे वाचावं म्हणूनच तुझं पत्र घेतलंय.

पण ग्रुपमधे चिंगूस म्हणतात ते गाडीमुळे म्हणत नाहीत, ते वीस रुपयांमुळे म्हणतात. हिमालयाच्या ट्रिपचा हिशोब ठेव, घरभाड्याचा ठेव, तिथे हिशोब हवाच. चहाचा ठेवू नकोस. मित्राने चहा पाजला तर पुढचा आपण पाजायचा, मधे कुणाचे दोनदा होतात कुणाचे एकदा, त्यालाच तर आपल्याकडे जाणं-येणं म्हणतात. तू लगेच वीस रुपये ॲपमधे टाकलेस की समोरच्याला वाटतं याला माझं काही देणं लागायचंच नाहीये, याला माझ्याशी संबंधच ठेवायचा नाहीये. तुझ्या मनात तसं नसणार हे मला पत्रावरनं कळतं, पण त्यांना कसं कळणार? आणि कुणाच्या घरी जातोस तेव्हा हातात काही घेऊन जातोस का? लिहिलं नाहीस. पावशेर पेढे, सीझन असेल तर डझनभर केळी, काहीही चालतं, पण रिकाम्या हाताने जाऊ नये.

बफेटचं म्हणालास तर ते १९५८ साली ३१,५०० डॉलरला घेतलेल्या घरात राहतात हे खरंच आहे. त्याच माणसाने २००६ मधे आपली बहुतेक संपत्ती दान करायचं जाहीर केलं, तेही ग्रुपला सांगत जा.

मुलीला एक दिवस समोर बसवून सगळं सांग, पगार किती, बाजूला किती पडलेत, कशासाठी साठवतोयस, आईवडिलांना किती पाठवतोस. एक आकडा लपवू नकोस. मग तिला विचार की तुला कुठे खर्च करायला आवडतं, आणि ती सांगेल ते ऐकून घे, लगेच मधे बोलू नकोस. तिला तुझी वॅगन आर चालत असेल तर काकांचं काय घेऊन बसलास.

पत्र चौथं, नाशिकहून

ताई, आमचं स्वतःचं दुकान आहे, दोन गाळे भाड्याने दिलेत, मी घरी क्लासेस घेते. मिस्टर बाजारात भाजीवालीशी दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, वर मिरच्या-कढीपत्ता फुकट मागून घेतात. या महिन्यात आमच्या कामवाल्या मावशींना डेंग्यू झाला, पाच दिवस आल्या नाहीत तर त्यांनी पाच दिवसांचे पैसे कापले. मी बोलले तर म्हणतात असंच करून दोन गाळे उभे राहिलेत, याला काटकसर म्हणतात. मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर

उत्तर मी देते. याला काटकसर म्हणत नाहीत. काटकसर करताना आपल्या ताटातलं कमी करतात. कोथमिरीची जुडी घेऊन पहाटे चारला मार्केट यार्डात उभ्या राहिलेल्या बाईच्या ताटातलं दोन रुपयांनी कमी केलं तर त्यात आपण काय सोसलं? मावशींना महिना चार हजार देत असाल तर पाच दिवसांचे साडेसहाशे-पावणेसातशे होतात. डेंग्यूत एवढे पैसे नुसत्या तपासण्यांतच जातात.

ते पैसे आजच द्या. तुमच्या क्लासच्या कमाईतनं द्या, आणि मिस्टरांना सांगून द्या, लपवून अजिबात नको, लपवलंत की तुम्हीच चूक केल्यासारखं होतं. इथनं पुढे महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आणि आजारपणाचे दिवस वेगळे, हे मावशींशी बोलून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून टाका, दुधाचं लिहिता तसं. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, त्याखाली कल्याण मंडळ आहे, मावशींची तिथे नोंदणी झालीय का विचारा, नसेल तर आधारकार्ड आणि फोटो घेऊन एक सकाळ त्यांच्याबरोबर कामगार कार्यालयात जा. एकट्या गेल्या तर चार खेपा मारतील, तुम्ही बरोबर असलात तर एका खेपेत होईल.

आणि भाजी आणायला महिनाभर तुम्ही जा. कढीपत्त्याचे पाच रुपये त्या बाईच्या हातावर ठेवा.